आपल्या भागाची आठवड्याची माहिती एका पानावर द्यायची आहे, त्यात काय टाकावं अन् काय नाही?

नंदनवनवाला यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. नागपूरच्या नंदनवनातून लिहून राहिलो. आमच्या ले-आऊटच्या तीन-चार गल्ल्यांचा मिळून एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यात दिवसभर एवढं येत राहते की कामाची गोष्ट शोधायला गेलं तर सापडत नाही. मागच्या उन्हाळ्यात पाण्याच्या शटडाऊनचा एक मेसेज फिरत फिरत आमच्याकडे आला, त्यात नुसतं "उद्या नळ येणार नाही" एवढंच होतं, तारीख नाही, कोणती टाकी ते नाही. लोकांनी त्याच रात्री ड्रम, गुंड, बादल्या सगळं भरून ठेवलं, दुसऱ्या दिवशी नळ नेहमीसारखा आला, म्हणून सगळ्यांनी पाणी सांडून दिलं. खरं शटडाऊन त्यानंतर होतं. त्या दिवशी शेजारच्या आजीकडे वर्षश्राद्ध होतं, पंगत बसायची होती आणि घरात हंडाभर पाणी नव्हतं. पोरांनी मोटरसायकलवर कॅन आणून भागवलं, पण ती बाई दिवसभर रडवेली होती, ते काही डोक्यातून जात नाही.

तेव्हापासून मनात आहे की दर रविवारी संध्याकाळी एक मेसेज टाकायचा आणि त्याचीच प्रिंट काढून किराणा दुकानात अन् मंदिराच्या फळ्यावर लावायची. येत्या आठवड्यात पाणी, वीज, कचरागाडी, टॅक्सचं शिबिर, लसीकरण काय आहे, वस्तीत कोणते कार्यक्रम आहेत, सगळं एका पानात. आमच्याकडे म्हातारी माणसं बरीच आहेत, मोबाईल आहे पण त्यांना ग्रुपात खाली-वर करणं जमत नाही.

कोणी असं काही चालवलं असेल तर सांगा. माहिती कुठून घ्यायची, खरी आहे की नाही ते कसं पाहायचं, आणि लोकांच्या तक्रारी त्यात घ्यायच्या की नाही? आमच्यातले दोघं म्हणतात घ्या, दोघं म्हणतात अजिबात नको.

---

जुना_पाणीवाला यांचं उत्तर

भाऊ, काम चांगलं काढलं. नोकरी सगळी पाण्याच्या लाईनीवर गेली म्हणून पाण्यापुरतं सांगतो, बाकीचं बाकीचे सांगतील.

पहिली गोष्ट, तुमच्या घरी पाणी कोणत्या जलकुंभातून येते ते पक्कं करून घ्या. महापालिकेच्या झोनचं नाव पुरत नाही. नेहरूनगर झोन केवढा पसरला आहे, त्यात नंदनवनच्या टाक्या वेगळ्या, सक्करदऱ्याच्या वेगळ्या, ताजबागची वेगळी, खरबीची वेगळी. पेपरात बातमी येते "नेहरूनगर झोनमधे पाणी नाही" आणि आत वाचलं तर एकाच टाकीची सफाई असते. टाकीच्या भरवशावर जेवढ्या वस्त्या असतात त्याला आम्ही कमांड एरिया म्हणत होतो, त्याची यादी शटडाऊनच्या सूचनेतच खाली दिलेली असते, लोक ती न वाचता वरचं हेडिंग फॉरवर्ड करतात. तुमच्या पानावर टाकीचं नाव कायम छापून ठेवा म्हणजे कोणीही मेसेज पाहिला की त्याला आपोआप समजेल, हा आपला आहे की नाही.

दुसरं म्हणजे पाणी कोणत्या बाजूनं येते. पूर्व आणि उत्तर नागपूरला मुख्यतः कन्हान नदीचं पाणी आहे, म्हणजे आशीनगर, सतरंजीपुरा, लकडगंज अन् तुमचं नेहरूनगर. पश्चिमेकडे अन् मधल्या शहराला पेंच नदीचं, ते नवेगाव खैरीहून येते आणि गोरेवाड्याकडे शुद्ध होते. म्हणून "गोरेवाड्याला काम आहे" असा मेसेज आला तर नंदनवनात बादल्या भरत बसायचं कारण नाही, आणि कन्हानला पंप बंद असला की मात्र तुमच्याकडे लगेच जाणवते. एवढं एक कळलं तरी अर्धी धावपळ वाचते.

तिसरं, शटडाऊन संपल्यावरची ओळ विसरू नका, ती कोणीच लिहीत नाही. लाईन रिकामी झाली की आत हवा भरते, पाणी परत सोडलं की तळाचा गाळ हलतो, त्यानं पहिला थोडा वेळ गढूळ येते. ते पाणी कूलरला, झाडाला, भांड्याला वापरा, स्वच्छ आल्यावरच पिण्याचं भरा. अन् त्याच वेळेला लोक नळाला टुल्लू पंप लावतात, तो तर सगळ्यात वाईट प्रकार. लाईनीत प्रेशर नसताना पंप ओढतो तेव्हा जिथे जिथे जॉईंट ढिला आहे तिथून बाजूच्या गडर लाईनीचं, म्हणजे सांडपाण्याचं, पाणी आत खेचलं जाते, मग अख्ख्या गल्लीला जुलाब. हे मी चेंबरमधे उतरून डोळ्यानं पाहिलेलं आहे. उन्हाळ्यात दर आठवड्याला हे एक वाक्य ठेवाच.

---

स्मिता_धरमपेठ यांचं उत्तर

आमच्या सोसायटीत आम्ही तिघी मिळून हेच करतोय, त्यामुळे अनुभवातून सांगते.

"उद्या", "परवा", "आज रात्री" हे शब्द पानावर येऊच द्यायचे नाहीत. वार आणि तारीख दोन्ही लिहायचे, "बुधवार, १० तारीख, सकाळी १० ते रात्री १०" असं. मेसेज चार दिवसांनी वाचला तरी गोंधळ होत नाही. खरं सांगायचं तर तुमच्या त्या आजींना हाच एक नियम उपयोगी पडला असता.

अक्षर मोठं ठेवा, इतकं मोठं की दुकानात उभ्या उभ्या चष्म्याशिवाय वाचता येईल. सात-आठ ओळींच्या वर गेलं की कोणी वाचत नाही, म्हणून ज्याच्यासाठी काहीतरी करावं लागणार आहे तेवढंच वर घ्यायचं. पाणी भरून ठेवावं लागणार, गाडी दुसरीकडे लावावी लागणार, कागद घेऊन जावं लागणार, या गोष्टी वर. कोणाचा सत्कार झाला, कोणी झाडं लावली हे खाली, जागा उरली तर.

ग्रुपवर टाकताना फोटो टाकू नका, टाईप करून टाका, नाहीतर नंतर "लसीकरण" शोधलं तर काहीच सापडत नाही. आणि फॉरवर्ड झालेल्या मेसेजवरून माहिती घ्यायची नाहीच. पाण्याची, विजेची सूचना त्यांच्या अधिकृत पानावर असते, पेपरात असते, तिथे पाहायचं, नाही दिसली तर झोन ऑफिसला फोन करायचा. ज्या ओळीचा पत्ता लागला नाही ती ओळ सोडून द्यायची, मग ग्रुपवर कितीही लोक म्हणोत की आमच्याकडे आलंय. आमच्यावर लोकांचा विश्वास बसला तो यामुळेच.

तक्रारींबद्दल माझं मत स्पष्ट आहे, घेऊ नका. आठवड्याचं पान पाहिलं की माणसाला काय करायचं ते कळलं पाहिजे. तक्रारी आल्या की पान रडगाण्याचं होतं, मग ज्याला शटडाऊन पाहायचं होतं तो सुद्धा उघडेनासा होतो.

---

टोकन_नंबर यांचं उत्तर

स्मिताताई, तुमचं बाकी सगळं पटलं, तक्रारीचं पटलं नाही. तक्रार घेऊ नका म्हणजे काय, खड्डा दिसत राहायचा अन् पानावर फक्त योग दिनाची सूचना? मग लोक म्हणतील की हे पान आपल्या गल्लीचं नाहीच.

मी असं सुचवतो. सगळ्या तक्रारी नाही, फक्त ज्यांची रीतसर नोंद झाली आहे अन् नंबर मिळाला आहे त्याच घ्यायच्या, अन् एका ओळीत. "गल्ली २, गडर चोक, नोंद अमुक तारखेला, अजून बाकी." पुढच्या रविवारी तीच ओळ परत, "झालं" किंवा "बाकी". नंबर नसेल तर ओळ नाही. याचा फायदा असा की जो नुसता ग्रुपवर ओरडतो तो पण तक्रार नोंदवायला शिकतो. झोनमधल्या माणसाला पण बरं पडते, त्याला एकाच चेंबरसाठी वीस जणांचे फोन येत नाहीत. आमच्या भागात एक स्ट्रीट लाईट कितीतरी दिवस बंद होता, सगळ्यांना वाटत होतं की कोणीतरी सांगितलं असेल, प्रत्यक्षात कोणीच नोंदवलेलं नव्हतं. नोंद केली अन् लाईट लागला.

दुसरी एक गोष्ट जी लोकांना माहीतच नाही. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्काचा कायदा आहे. जन्म-मृत्यूचा दाखला वगैरे ज्या सेवा त्यात अधिसूचित आहेत त्या ठरलेल्या मुदतीत द्याव्या लागतात, अर्ज घेतल्याची पोच द्यावी लागते, अन् कोणती सेवा किती दिवसात, अधिकारी कोण, अपील कोणाकडे याचा फलक ऑफिसात लावावा लागतो. कारण नसताना उशीर केला तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. दर आठवड्याला एक सेवा घ्या अन् तिच्याबद्दल दोन ओळी लिहा, मुदत त्या फलकावरून उतरवून घ्या. भांडायला जायची गरज नाही, पोच मागितली तरी पुष्कळ काम होते.

टॅक्सच्या तारखा पण ठेवा. मालमत्ता कर दोन सहामाहीत असतो, १ एप्रिल अन् १ ऑक्टोबरपासून. थकला तर महिन्याला २ टक्के शास्ती चढते, वर्षभरात ती किती होते ते बऱ्याच घरांना बिल हातात आल्यावरच दिसते. सूट जाहीर झाली असेल तर शेवटची तारीख मोठ्या अक्षरात.

---

आशाताई_मानेवाडा यांचं उत्तर

मी आशा सेविका म्हणून काम करते, घरोघरी जाते, म्हणून माझा एक आग्रह आहे. तुमच्या पानावर आरोग्याची एक ओळ कायम ठेवा, आणि आपल्या नागपुरात ती ओळ कूलरची असू द्या.

कारण सांगते. डेंगूचा मच्छर स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो, अंड्यापासून उडणारा मच्छर व्हायला आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एकदा पाणी काढून टाकी कोरडी केली की ते चक्र तुटते, म्हणून तर कोरडा दिवस आठवड्याचा असतो, तुमचं पान पण आठवड्याचं, दोन्ही बरोबर जुळते. नुसतं पाणी ओतून चालत नाही पण. अंडी टाकीच्या कडेला चिकटून राहतात, कोरड्यात कित्येक महिने जिवंत राहतात, परत पाणी भरलं की फुटतात. घासणीनं कडा घासाव्या लागतात. जूनमधे पहिला पाऊस पडला की लोक कूलर चालवणं बंद करतात, पण टाकीतलं पाणी तसंच राहते, खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर, कोणाचं लक्ष जात नाही. मी पडदा बाजूला करून टॉर्च मारते तर आत अळ्या वळवळत असतात आणि घरातली बाई म्हणते अहो ताई, तो तर बंद आहे न! बंद कूलरच जास्त धोक्याचा आहे, हे लिहा. टेरेसवरचे टायर, कुंडीखालच्या ताटल्या, फ्रिजच्या मागचा ट्रे हे पण.

बाळाच्या जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत झाली पाहिजे. दवाखान्यात झालं तर दवाखाना करतो, पण नावाचं स्पेलिंग, आईवडिलांची नावं तेव्हाच नीट पाहून घ्या, नंतर शाळेच्या वेळेला दुरुस्तीसाठी फार फिरावं लागते. आमच्याकडे या एकाच गोष्टीसाठी पोरीबाळी लेकरू कडेवर घेऊन उन्हातान्हात फिरताना दिसतात, मला खूप वाईट वाटते.

लसीकरणाचा वार तुमच्या आरोग्य केंद्राला विचारून पक्का करा, बाळाचं कार्ड सोबत आणा ही ओळ पण टाका. कार्ड घरी राहिलं की परत चक्कर होते.

---

इतवारीचा_पोट्टा यांचं उत्तर

भाऊ मले तर वाटते कार्यक्रमाची जागा खाली ढकलू नका, स्मिताताई रागावू नका, पण पाण्याच्या अन् टॅक्सच्या सूचनेनं लोक पान पाहतील, कार्यक्रमानं एकमेकाले ओळखतील. आमच्या इकडं इतवारी-महालात तर आठवडा कार्यक्रमावरच चालते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा अन् त्याच दिवशी मारबतीचे मोठे पुतळे, काळी अन् पिवळी दोन्ही निघतात, बडग्याचे पुतळे निघतात, "घेऊन जा गे मारबत" करत सारा भाग रस्त्यावर असते, त्या दिवशी सकाळी कोणी पेशंट घेऊन मेयो दवाखान्यात जायचं म्हणलं त कोणत्या रस्त्यानं जायचं हे आधीच मालूम पाहिजे. विजयादशमीले दीक्षाभूमीवर साऱ्या महाराष्ट्रातून, बाहेरून पण लोक येतात, १९५६ पासून येऊन राहिले, तेव्हा वर्धा रोड, काछीपुरा, बजाजनगर तिकडचे रस्ते बदलतात. पोद्दारेश्वर मंदिराची रामनवमीची शोभायात्रा असते. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन आलं की सिव्हिल लाईन्स अन् मोर्च्याचे रस्ते. हे सारं आधी माहीत असते, तारीख पण माहीत असते, त काहून नाही लिहायचं?

अन् मोठ्याच कार्यक्रमाचं नका लिहू. तुमच्या ले-आऊटात कोणाची आजी फुकट शिवण शिकवते, कोणी रविवारी पोट्ट्यायले गणित शिकवते, कोणाच्या तान्हा पोळ्यात लाकडी नंदीले बक्षीस आहे, हे कोणत्याच पेपरात येत नाही. आमच्या गल्लीत एक काका जुनी पुस्तकं बसायच्या ओट्यावर मांडून ठेवत होते, कोणाले मालूमच नाही. फळ्यावर एक ओळ लिहिली त पोट्टे यायले लागले, आता काका संध्याकाळी जागचे हलत नाहीत.

फक्त एक पक्कं करा, नेत्याचा फोटो नाही. शिबिर कोणी पण भरवो, आपण लिहायचं शिबिर कशाचं, कुठं, किती वाजता, काय कागद आणायचे. "यांच्या हस्ते", "यांच्या प्रेरणेनं" हे नाही लिहायचं, कोणाचंच नाही. एकाचं लिहिलं त दुसरा म्हणते माहं काहून नाही, मग पान बंदच होते.

---

अंबाझरी_लेआऊट यांचं उत्तर

सगळं वाचलं. एक महत्त्वाची गोष्ट राहिली म्हणून लिहितेय.

आठवड्याचं पान आणि तातडीची सूचना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्याच ठेवा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदीचं पाणी आमच्या घरात शिरलं तेव्हा लोक झोपेत होते. फ्रिज तरंगत होता, खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यांना वरच्या पोरांनी जिन्यावरून ओढून घेतलं. त्या रात्री आमच्या ग्रुपवर कोणीतरी मेसेज टाकलेले होते, पण ग्रुप म्यूट, कारण दिवसभर तिथे काहीही येत असतं. म्हणून आता आमच्याकडे दुसरा ग्रुप आहे, त्यात फक्त चार जण लिहू शकतात आणि लिहिलं तर ते पाणी, आग, गॅस, वीज याचंच असतं. तो कोणी म्यूट करत नाही. प्रत्येक गल्लीत दोन घरं ठरलेली आहेत, ती म्हाताऱ्यांची दारं वाजवतात, कारण रात्री तीनला मोबाईल कोण पाहतो.

पानाचं काम त्याच्या आधीचं आहे. मे-जूनमधे नाले आणि नदीची सफाई असते, तेव्हा आपल्या मागच्या नाल्यातला गाळ काढला का, काढलेला गाळ काठावरच पडून आहे का, हे दर रविवारी एका ओळीत लिहा. काठावर ठेवलेला गाळ पहिल्या जोरदार पावसात परत नाल्यात जातो. ही तक्रार म्हणून नाही, माहिती म्हणून लिहा, फोटो तारखेसकट जपून ठेवा. इथे मी टोकन नंबर यांच्या बाजूनं आहे.

---

नंदनवनवाला (प्रश्नकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. काल आम्ही बसलो अन् नमुना बनवला, पाहून सांगा. वरती कायमची ओळ राहील, "आपली टाकी, आपला झोन, झोनचा फोन". त्याखाली असं:

बुधवार १० तारीख, सकाळी १० ते रात्री १०, टाकी सफाई, नळ येणार नाही. मंगळवारी रात्री भरून ठेवा. गुरुवारी पहिलं पाणी पिऊ नका. टुल्लू लावू नका.
शुक्रवार १२, बाळांचं लसीकरण, आरोग्य केंद्र, कार्ड आणा.
शनिवार १३, कूलर आणि कुंड्या कोरड्या करा, कडा घासा.
रविवार १४, सकाळी ८, मैदानात पोरांचं कबड्डी, संध्याकाळी ५ ला आजीबाईंचा भजनाचा कार्यक्रम, सगळ्यांनी या.
नोंदवलेल्या तक्रारी: गल्ली १ चा लाईट झाला. गल्ली ३ चं चेंबर बाकी.

तक्रारी घ्यायच्या ठरल्या, पण नंबर असेल तरच, आणि सगळ्यात खाली. स्मिताताई, तुमच्या म्हणण्याचा मान ठेवून तीन ओळींच्या वर जाणार नाही. तातडीचा ग्रुप वेगळा करतोय, गल्लीतली दोन-दोन घरं ठरवणं चालू आहे.

---

स्मिता_धरमपेठ

छान झालंय. तीन ओळी चालतील. फक्त लसीकरणाची वेळ राहिली, ती घाला. कचरागाडीची वेळ बदलली तर ती पण वर घ्या, बायका त्यासाठी ताटकळत उभ्या असतात.

जुना_पाणीवाला

"पहिलं पाणी पिऊ नका" च्या जागी "स्वच्छ येईपर्यंत पिण्याचं भरू नका" करा. पहिलं म्हणजे किती ते प्रत्येक जण वेगळं धरतो, टेकडावरच्या अन् लाईनीच्या टोकाच्या घरी गढूळ जास्त वेळ येते. आणि त्या आजींच्या घरी बुधवारच्या आधी कोणीतरी जाऊन सांगून या, फळ्यावर लावलं तरी.

इतवारीचा_पोट्टा

भजन कुठं आहे ते त लिहाच भाऊ, मी माह्या आईले घेऊन येतो.

नंदनवनवाला

दत्त मंदिराच्या मागच्या हॉलमधे, पाच वाजता. काकूंना नक्की आणा. वेळा घातल्या, पाण्याची ओळ पण बदलली. ज्यांच्याकडे पुढच्या आठवड्याचं काही असेल त्यांनी शनिवारी संध्याकाळपर्यंत पाठवा, रविवारी सकाळी फोन करून खात्री करतो अन् मगच प्रिंट काढतो.